एक इंच खाली

आमच्याकडे १९८७ सालची एक बुलेट आहे. बँकेने अधिकाऱ्यांना वाहनासाठी दिलेल्या कर्जातून ती घेतली, आणि पगारातून हप्ते कापले जात असताना एकदाही कुरकुर न करता फेडली. त्या वेळी मी पाटण तालुक्यातल्या एका शाखेत होतो. ग्रामीण विकासाच्या योजनेतून म्हशी, शेळ्या, विहिरीवरच्या मोटारी यांना कर्जं दिलेली असत आणि म्हैस खरोखरच गोठ्यात आहे की फक्त कागदावर आहे, हे तिच्या कानातला बिल्ला पाहून ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मोरगिरी, चाफळ, ढेबेवाडी अशा वाटांवर एसटीच्या भरवशावर राहिलो असतो तर दिवसाला एकच म्हैस झाली असती. म्हणून गाडी. आणि रस्ते तसले, म्हणून बुलेट.

माझी उंची पाच फूट चार इंच. शाखेतले शिपाई फार मार्मिक बोलत. ते म्हणायचे, "साहेब, गाडीवर बसल्यावर तुम्ही रुबाबदार दिसता. थांबल्यावर मात्र काळजी वाटते." थांबल्यावर माझ्या दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला लागत. एका बाजूला थोडं कललं, तर एक पाऊल पूर्ण टेके. पण तिशीच्या आतल्या माणसाला चवडे पुरतात. गाडी थोडी झुकली तर गुडघा ती सावरतो, मांडी तिला ढकलते, आणि आपण काही सावरलं हेही आपल्या ध्यानात येत नाही. दीडशे किलोंहून जास्त वजनाची ती गाडी इतकी वर्षं मी सावरत होतो, हे मला ती पडली तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना चढ लागतो. पुढची जीप अचानक थांबली, म्हणून मीही थांबलो. मागे सौभाग्यवती नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी. आता जुन्या बुलेटचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो, हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. चढावर थांबलो की डावा पाय ब्रेकवर दाबलेला, त्यामुळे टेकायला उरला उजवा. आणि मागे एकाच बाजूला बसलेल्या माणसाचं वजन गाडीला ओढतं डावीकडे. चाळीस वर्षांची सवय म्हणून मी डावा पाय ब्रेकवरून काढून खाली टाकला. चवडा गटाराच्या कडेच्या ओल्या खडीवर पडला आणि घसरला. गुडघ्याने सावरायचं ते सावरलं नाही. गाडी पडली तीसुद्धा अगदी सावकाश, एखादं म्हातारं जनावर बसावं तशी. मला खरचटलंही नाही. हिने मात्र हात टेकला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत ही गाडीबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. प्लास्टर निघाल्यावर मंडईत जायची वेळ आली, तेव्हा तिने पिशवी घेतली आणि म्हणाली, "तुम्ही या गाडीवरून. मी रिक्षाने पुढे होते."

लेक पुण्याला असते. तिने फोनवर निकालच देऊन टाकला, "बाबा, आता स्कूटर घ्या. आणि ती बुलेट विका, जुन्या गाड्यांना चांगली किंमत येते." एक तरुण येऊन पाहूनही गेला. त्याची उंची सहा फुटांच्या आसपास. तो गाडीवर बसला, दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली आणि तो आरामात हसला. मला त्याच्या पैशांपेक्षा त्याच्या पायांचा हेवा वाटला. व्यवहार काही झाला नाही. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, की मला या गाडीचं वजन जड होत नाही, वेगाची भीती वाटत नाही. मला कमी पडतो तो फक्त एक इंच. मग तो इंच गाडीतून काढता येणार नाही का?

आमचे मिस्त्री गेली पंचवीस वर्षं जुन्या बुलेटच करतात. मी म्हटलं, "गाडी इंचभर खाली घ्यायची." ते म्हणाले, "कुठून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेत कोणी येऊन नुसतं 'पैसे पाहिजेत' म्हणावं आणि कशासाठी ते सांगता येऊ नये, तशी माझी अवस्था झाली. मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

गाडीची उंची तीन ठिकाणी साठलेली असते. चाकात, शॉकअपमध्ये आणि गादीत. यांतल्या कुठूनही इंच काढता येतो. पण प्रत्येक ठिकाणी त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. मी आयुष्यभर जमा आणि नावे लिहिलेला माणूस. एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूला तेवढीच करावी लागते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. यंत्रालाही तोच नियम लागू आहे, एवढंच नवीन होतं.

आधी टायर. माझ्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ मापाचे टायर आहेत. म्हणजे टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास एकोणीस. जुन्या घडणीच्या या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरायची. म्हणून पूर्ण चाकाचा व्यास एकोणीस अधिक दोनदा सव्वातीन, म्हणजे साडेपंचवीस इंचांच्या आसपास. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मग अठराची रिम टाकू. एक इंच गेला." मिस्त्री हसले. व्यास एक इंचाने कमी झाला तरी चाकाचा आस जमिनीपासून अर्धाच इंच खाली येतो, कारण उरलेला अर्धा इंच आसाच्या वर असतो. म्हणजे दोन रिमा नव्या, आरे नवे, ते ओवून चाक सरळ करण्याची मजुरी वेगळी, आणि पदरात अर्धा इंच. शिवाय चाकाचा घेर चार टक्क्यांनी घटल्यामुळे चाकावरून फिरणारा मीटर शंभर किलोमीटरला एकशेचार दाखवणार, आणि त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागणार. रुंद टायर घालून गाडी दणकट दिसावी असं हल्लीच्या पोरांना वाटतं. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा आकार चिंबतो, वळणावर गाडी पूर्वीसारखी सहज कलत नाही आणि मागे चेनगार्डला घासायची भीती असते.

"तुमचा टायर बदलायचा आहेच," मिस्त्री म्हणाले, "पण उंचीसाठी नाही." त्यांनी टायरच्या बगलेवरचे चार आकडे दाखवले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. माझ्या टायरची नक्षी अजून चांगली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण आकडे सांगत होते की तो तेरा वर्षांचा झाला आहे. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ते टणक होतं आणि ओल्या रस्त्याला धरत नाही. त्या दिवशी माझा चवडा खडीवर घसरला हे खरं. पण टायर आणि गुडघा दोघंही एकाच वेळी टणक झाले होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच मापाचे नवे टायर घातले.

मग शॉकअप. मागचे शॉकअप एका इंचाने आखूड मिळतात, बसवायला अर्धा तास लागतो, म्हणून बहुतेकांची उडी इथेच पडते. पण गाडी काही सपाट खाली येत नाही. पुढचं चाक जागेवर राहतं आणि मागची बाजू बसते. मागच्या चाकापाशी इंचभर उतरलं, तरी चालक दोन चाकांच्या मध्ये कुठेतरी बसलेला असल्यामुळे त्याच्या वाट्याला पाऊण इंचही पुरता येत नाही. दोन चाकांतलं अंतर साधारण साडेचार फूट. त्या हिशेबाने पुढचा फोर्क अंशभर मागे कलतो. अंशभर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सावकाश चालवताना, गल्लीत वळवताना हँडल जड झाल्याचं मनगटाला लगेच कळतं. चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते, त्यामुळे मागे माणूस बसला आणि खड्डा आला की दणका थेट कमरेला. चेनचा ताण नव्याने पाहावा लागतो, कारण चाक वरखाली होताना चेन सैल आणि ताठ होत असते. ती सगळ्यात ताठ असते त्या जागी धरून ढिलाई ठेवली नाही, तर चेन आणि बेअरिंग दोन्ही खातात. आणि सगळ्यात गंमत स्टँडची. गाडी खाली आली पण साइड स्टँड तेवढाच राहिला, म्हणजे गाडी त्याच्यावर पुरेशी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि कोणी नुसता धक्का दिला तरी पलीकडे आडवी होते. मधल्या स्टँडवर घ्यायची तर चाक पूर्वीपेक्षा जास्त उचलावं लागतं. माझ्यासारख्याने कंबर धरूनच बसावं.

"म्हणजे शॉकअपला हात लावायचा नाही?" मी विचारलं. मिस्त्रींनी मला गाडीवर बसवलं, आधी आणि नंतर टेप धरला. जुन्या स्प्रिंगा इतक्या थकल्या होत्या की माझ्या एकट्याच्या वजनाने त्या निम्म्या बसत होत्या. चाकाच्या एकूण हालचालीतला चौथा ते तिसरा हिस्सा बसणाऱ्याच्या वजनाने दबावा, बाकीचा खड्ड्यांसाठी शिल्लक राहावा, असा साधा हिशेब असतो. म्हणजे गाडी आधीच खाली आली होती, फक्त चुकीच्या कारणाने. शॉकअप नवे टाकले, पण मूळ लांबीचेच. त्यांच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. एकटा असेन तेव्हा खालच्या खाचेवर, दोघं असू तेव्हा वरच्या. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, वजन पडल्यावर मागची बाजू जास्त खाली जाऊ नये एवढंच साधतं. ही कडी माझ्या गाडीला सदतीस वर्षं होती. मी तिला कधी पाना लावला नव्हता.

नवे शॉकअप टाकल्यावर गाडी अर्थातच वर आली. माझ्या चवड्यांनाही आता जमीन लागेना. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता गादी."

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो. काही ठिकाणी गाडी खाली घेण्यासाठी मागचा सांगाडाच कापून नव्याने वेल्डिंग करतात. आमच्या मिस्त्रींनी याला साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. सांगाडा हा गाडीचा कणा. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच निक्षून सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर कापलेला कणा घेऊन उभं राहायचं, ही कल्पनाही मला सहन होईना. गादीचा फोम ही त्यामानाने फार निरुपद्रवी वस्तू.

गादीवाला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत बसतो. त्याने माझी गाडी पाहण्याआधी मला पाहिलं. म्हणाला, "काका, उंचीपेक्षा रुंदी नडते." गादी जिथे टाकीला भिडते तिथे ती रुंद असेल, तर मांड्या आधी बाहेर फाकतात आणि मग पाय खाली जातात. पाय तिरके गेले की तेवढी लांबी वाया. त्याने टोकाशी दोन्ही बाजूंनी बोटभर फोम तासला. गादीची उंची सुताएवढीही बदलली नव्हती, तरी माझी टाच जवळजवळ अर्धा इंच खाली आली. मग त्याने वरून इंचभर काढला. मऊ फोम पातळ केला की हाड थेट पत्र्याला लागतं. म्हणून खाली तुकडे दाबून बनवलेल्या घट्ट फोमचा थर आणि वर पातळ मऊ थर दिला. दोन्ही पावलं पूर्ण टेकली. मी तिथल्या तिथे त्याला शंभर रुपये जास्त दिले.

आनंद नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी मी ठोसेघरला जाऊन आलो आणि रात्री गुडघे शेकत बसलो. झालं होतं असं, की गादी खाली आली, पण पाय ठेवायचे फूटरेस्ट होते तिथेच राहिले. दोन्हींमधलं अंतर इंचभर घटलं, म्हणजे गुडघा तेवढा जास्त दुमडला. थांबताना पाय टेकावेत म्हणून केलेला बदल चालताना गुडघ्याच्या मुळावर आला. बसलेल्या माणसाचा वेळ थांबण्यात किती जातो आणि चालण्यात किती, हा हिशेब मी केलाच नव्हता. परत गल्लीत गेलो. त्याने अर्धा इंच फोम परत भरला. उरलेला अर्धा इंच मिस्त्रींनी मिळवून दिला, आणि तोही गाडीला हात न लावता. त्यांनी माझ्या चपलेकडे बोट दाखवलं. "साहेब, जाड तळाचे बूट घाला. घसरणार नाहीत असे." इतके दिवस सगळं गणित गाडीचं चाललं होतं. अर्धा इंच माझ्या पायाखालीच होता.

गाडी तयार झाली, पुसून अंगणात उभी केली. मी मोठ्या ऐटीत हिला बोलावलं, बसून दाखवलं, दोन्ही पावलं टेकवून दाखवली. तिने सगळं पाहिलं. मग विचारलं, "अहो, तुमचं माप झालं. माझं?"

मला उत्तर सुचलं नाही. चाळीस वर्षं ती माझ्यामागे बसली. गादी तासताना पुढचा भाग खाली गेला आणि मागचा तसाच राहिला, म्हणजे तिची बैठक आता माझ्यापेक्षा आणखी उंच झाली होती. खड्ड्यात तिने धरायचं काय, तर माझा खांदा. पाय ठेवायला एक अरुंद पट्टी, तीही झिजून गुळगुळीत झालेली. पडलो होतो मी, आणि मोडलं होतं तिचं. आणि दोन महिने मी ज्या इंचासाठी धावत होतो, तो फक्त माझा होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मिस्त्रींकडे आली. रिक्षाने. मिस्त्रींनी तिला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही एका बाजूलाच बसणार का?" ती म्हणाली, "शाळेत होते तेव्हा नऊवारीतल्या बाया घोड्यावर बसल्याचे धडे शिकवलेत मी. बसेन की दोन्हीकडे पाय टाकून." मागच्या माणसाचं वजन मधोमध आलं की गाडी डावीकडे ओढत नाही, हे मिस्त्रींना तिला समजवावं लागलं नाही. तिने बसून पाहिलं आणि एकेक सांगितलं. मागे धरायला दांडी हवी. उजवीकडच्या फूटरेस्टला रबर नवं हवं. मागची गादीही खाली हवी आणि तिच्या पुढच्या कडेला थोडा उठाव हवा, म्हणजे ब्रेक लागला की पुढे घसरायला होणार नाही. गादीवाल्याने तिचं सगळं ऐकलं. मला त्याने एवढं विचारलं नव्हतं, किंवा मला एवढं सांगता आलं नव्हतं.

चढावर थांबायची रीतही मी बदलली आहे. पुढचा ब्रेक हाताने धरायचा, दोन्ही पाय मोकळे ठेवायचे, आणि थांबण्याआधी पाय कुठे पडणार ती जागा बघायची. तरुणपणी मी फक्त रस्ता बघत असे.

मागच्या रविवारी आम्ही दोघं बोगद्यातून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. समर्थ मंदिराच्या चढावर पुन्हा एक जीप थांबली. मी थांबलो. दोन्ही पावलं सपाट टेकली. मागून काहीच आवाज आला नाही, म्हणून मी विचारलं, "ठीक आहे ना?"

"पुढे बघा," ती म्हणाली. "जीप निघाली."